एलीट डेंजरस: दोन आठवडे झाले, जहाज तीनदा फुटलं, आता नेमकं खेळायचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सेलमध्ये 'एलीट डेंजरस' हा अवकाशात जहाज उडवायचा गेम घेतला. दोन आठवड्यांत साइडवाइंडर, म्हणजे सुरुवातीला मिळणारं छोटं जहाज, तीनदा फुटलं आणि एकदा भर अवकाशात इंधन संपलं. गेममध्ये गोष्ट म्हणावी असं काही सापडत नाही. ज्या मित्राने गेम घ्यायला लावला तो म्हणतो, यूट्यूबवर झटपट पैसे करायची युक्ती बघ, ॲनाकोंडा हे मोठं जहाज घे, मग खरी मजा. तुम्ही विचारताय की खरंच तसं आहे का, की हा गेम आपल्या स्वभावाचाच नाही?

मी २०१५ पासून हा गेम खेळतोय. मधे काही महिने सोडला आणि परत आलो, असंही झालं. त्या अनुभवावरून सांगतो, मित्राचा हा एक सल्ला तेवढा मानू नका. नव्या माणसाचं या गेममधून मन उडवायचं असेल तर त्याला पहिल्याच महिन्यात ॲनाकोंडा घ्यायला लावावं. साधं ॲनाकोंडा सुमारे १४ कोटी ७० लाख क्रेडिटचं. ते फुटलं की विम्यापोटी पाच टक्के भरायचे, म्हणजे दर वेळी ७० लाखांच्या वर, आणि त्यात चढवलेल्या महाग सामानाचे पाच टक्के वेगळे. वळायला ते म्हशीसारखं जड. ज्याचा हात अजून साइडवाइंडरवर बसलेला नाही तो हे स्टेशनच्या दारात घासणार, एखाद्या चाच्याला सापडणार आणि आठवडाभराची कमाई एका संध्याकाळी घालवून बसणार. माझ्या ओळखीतल्या चौघांनी नेमकं हेच केलं. चौघांनीही गेम सोडला. त्यांना उडवायला शिकवण्याआधीच कुणीतरी विकत घ्यायला शिकवलं होतं.

गोष्ट का सापडत नाही तेही सांगतो, म्हणजे शोधायचं थांबाल. १९८४ साली केंब्रिजमधल्या डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी बीबीसी मायक्रो या संगणकासाठी 'एलीट' लिहिला. त्या संगणकाची मेमरी ३२ किलोबाइट. आजचा एक साधा फोटोसुद्धा तेवढ्यात मावणार नाही. त्यांनी त्यात आठ आकाशगंगा बसवल्या, प्रत्येकीत २५६ तारे. तारे साठवून ठेवलेले नव्हते, गणिताच्या सूत्रातून दर वेळी नव्याने तयार व्हायचे. त्या काळच्या गेममध्ये तीन जीव, एक स्कोअर आणि पुढची लेव्हल असायची. यात एक जहाज, थोडे पैसे आणि उघडं आकाश. २०१४च्या डिसेंबरमध्ये आलेला 'एलीट डेंजरस' त्याच घराण्यातला. यात आपली सबंध आकाशगंगा खऱ्या मापाने उभी केलेली आहे, सुमारे ४०० अब्ज तारकामंडलं, म्हणजे तारे आणि त्यांचे ग्रह. जवळचे आणि ठळक तारे खऱ्या खगोलीय सूचींमधून घेतलेले, बाकीचे गणिताने भरलेले. इतक्या वर्षांत सगळ्या खेळाडूंनी मिळून त्यातला एक टक्काही पाहिलेला नाही. इथे कुणी तुम्हाला बोट धरून नेणार नाही, कारण त्याची रचनाच तशी आहे.

आता तुमची जहाजं फुटण्याबद्दल.

बहुतेक नवे लोक जहाज गाडीसारखं चालवतात. डावीकडे जायचं तर नाक डावीकडे वळवतात. या गेममध्ये ते वळण मुद्दाम आळशी ठेवलंय. घाटातल्या वळणावर दुचाकी आठवा. तिथे आपण नुसतं हँडल फिरवत नाही, गाडी कलवतो. इथेही आधी जहाज कुशीवर फिरवायचं, जायची दिशा डोक्याच्या वर आणायची आणि मग नाक वर खेचायचं. दोन-तीन संध्याकाळी मुद्दाम हेच करा. एखाद्या लघुग्रहांच्या कड्यात जा, दोन खडक निवडा आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या फेऱ्या मारत राहा. थ्रॉटलच्या, म्हणजे वेगाच्या पट्टीवर मध्यभागी निळा भाग दिसतो, त्या वेगाला जहाज सर्वांत चपळ वळतं. पूर्ण वेगात वळायला गेलात की खडक तुमच्या अंगावर येतो. महागड्या जॉयस्टिकची काही गरज नाही. मी पहिली दोन वर्षं साध्या गेमपॅडवर काढली. फक्त कुशीवर फिरणं आणि नाक वर-खाली करणं ही दोन्ही कामं एकाच अंगठ्याखाली येतील अशी बटणं लावून घ्या.

स्टेशनात शिरणं हे मात्र सावकाश सांगतो, कारण निम्मी साइडवाइंडरं तिथेच संपतात. साडेसात किलोमीटरच्या आत आल्याशिवाय उतरण्याची परवानगी मागू नका, मिळत नाही. परवानगी मिळाली की उतरायच्या पॅडचा क्रमांक येतो आणि दहा मिनिटांचं घड्याळ सुरू होतं. दहा मिनिटं म्हणजे भरपूर वेळ, या घड्याळाकडे बघून कुणी घाई करायची नाही. स्टेशन स्वतःभोवती सावकाश फिरत असतं आणि त्याच्या एका तोंडाला आडवी फट असते, टपालपेटीला असते तशी. फटीच्या एका अंगाला हिरवे दिवे, दुसऱ्या अंगाला लाल. आत जाताना हिरवे आपल्या उजव्या हाताला. आधी स्टेशनपासून दोनेक किलोमीटरवर फटीच्या अगदी समोर येऊन थांबा. थांबाच. मग स्टेशनच्या फिरण्याशी आपलं जहाज जुळवा, म्हणजे फट तुमच्या डोळ्यांसमोर आडवी स्थिर दिसू लागेल. वेग सेकंदाला १०० मीटरच्या आत ठेवा, त्याहून जास्त वेगात कुणाला धडकलात तर गुन्हा लागतो. आत शिरलात की लगेच थ्रॉटल कमी करा. जहाज आता आपोआप स्टेशनबरोबर फिरतं, तुम्ही फक्त क्रमांक शोधा, चाकं खाली घ्या आणि वर-खाली-बाजूला सरकवणाऱ्या छोट्या झोतांनी अलगद टेका. चाकं पॅडला लागल्यावर धातूचा जो दबका आवाज येतो, तो मला आजही आवडतो. हे सगळं आपोआप करून देणारा डॉकिंग कॉम्प्युटर मिळतो आणि पुढे मीही थकलो की तो वापरतो. पण पहिली पन्नास उतरणी हाताने करा.

दोन ग्रहांमधल्या लांब प्रवासात, म्हणजे सुपरक्रूझमध्ये, सगळ्यांची होणारी चूक म्हणजे ब्रेक उशिरा लावणं. ठिकाण बाणासारखं मागे निघून जातं आणि मोठा वळसा घालून परत यावं लागतं. पडद्यावर पोहोचायला लागणारा वेळ दिसत असतो. तो सात सेकंदांवर आला की थ्रॉटल ७५ टक्क्यांवर आणा आणि मग त्याला हातही लावू नका, जहाज स्वतःच मंदावत जातं. अंतर १००० किलोमीटरच्या आत आणि वेग सेकंदाला १००० किलोमीटरच्या खाली आला की बाहेर पडा. २०२४ मध्ये जास्त जोर लावून पळणारं नवं इंजिन आलंय, ते लांबच्या अंतरांना छान, पण इंधन घटाघटा पितं. तुमच्याकडे सध्या इंधनाचीच अडचण आहे, म्हणून ते नंतर.

इंधनावर जरा थांबतो, कारण हा धडा मी चांगलाच लक्षात ठेवलाय. पहिल्या वर्षी एका रात्री मी वस्तीपासून बऱ्याच दूर होतो. इंधन भरायचा स्कूप जहाजावर होता, त्यामुळे मी निर्धास्त. ताऱ्याजवळ जायचं आणि टाकी भरायची, एवढंच मला ठाऊक होतं. एका ताऱ्याहून दुसऱ्या ताऱ्याकडे नेणाऱ्या पहिल्या उडीनंतर समोर मळकट जांभळा, विझत आलेल्या निखाऱ्यासारखा गोळा. स्कूप उघडला, काहीच येईना. दुसरी उडी, पुन्हा तसलाच गोळा. तिसरीनंतर उडीपुरतंही इंधन उरलं नाही. तेव्हा कळलं की सगळेच तारे इंधन देत नाहीत. ओ, बी, ए, एफ, जी, के आणि एम या सात वर्गांचेच देतात. आपला सूर्य जी वर्गातला. एम वर्गाचे लालसर तारे तर पावलोपावली भेटतात. मी ज्यांच्याभोवती घिरट्या घालत होतो ते तपकिरी बटू होते, त्यांच्याकडून थेंबही मिळत नाही.

त्या रात्री मला 'फ्युएल रॅट्स'नी सोडवलं. हे खेळाडूच आहेत, इंधन संपलेल्यांना शोधून इंधन पोहोचवायचं एवढंच व्रत घेतलेले. त्यांच्या संकेतस्थळावर हाक दिली की कुणीतरी लगेच बोलू लागतं. पहिला प्रश्न ठरलेला असतो: पडद्यावर ऑक्सिजनचं उलटं घड्याळ दिसतंय का? दिसत असेल तर त्याच क्षणी गेममधून मुख्य मेनूवर बाहेर पडायचं, कारण तुम्ही बाहेर असलात की ते घड्याळही थांबतं. ते जवळ पोहोचले की सांगतात, मग आत यायचं, टीममध्ये सामील व्हायचं, आपला ठावठिकाणा दाखवणारा बीकन लावायचा. माझ्यासाठी दोघे आले. काळोखात आधी दोन ठिपके, मग त्यांच्या इंजिनांचा निळा उजेड, आणि त्यांनी सोडलेले छोटे लिंपेट ड्रोन येऊन माझ्या टाकीत इंधन टाकू लागले. एक पैसा घेतला नाही. कुठल्या देशाचे होते ते मला आजही माहीत नाही. जहाजं, ग्रह, तारे हे सगळं खरं, पण या गेमवर माझा जीव जडला तो त्या रात्री.

तुम्ही असं करा. काहीशे क्रेडिटचा लहान स्कूप आजच घ्या. आकाशगंगेच्या नकाशात ताऱ्याच्या वर्गानुसार गाळणी लावता येते, त्यात हे सात वर्ग सोडून बाकीचे काढून टाका आणि मार्गालाही तीच गाळणी लावा. मग प्रत्येक थांब्यावर टाकी भरता येते. भरताना ताऱ्याकडे नाक करून घुसायचं नाही, त्याच्या कडेकडेने तिरकं जायचं. जहाजाचं तापमान ७० टक्क्यांच्या आसपास ठेवा. त्याहून वर चढू लागलं तर नाक बाहेर वळवा.

विम्याचा नियम एकच: फुटल्यावर भरायची रक्कम खात्यात नसेल तर स्टेशन सोडायचं नाही. साइडवाइंडर नेहमीच फुकट परत मिळतं, म्हणून ही सवय नव्यांना लागत नाही, आणि पुढे ते महागात पडतं. लादलेल्या मालाचा मात्र विमा नसतो.

चाच्याने वाटेत सुपरक्रूझमधून बाहेर ओढलं तर झगडू नका, निदान सुरुवातीला तरी नाही. थ्रॉटल शून्यावर आणा, म्हणजे तुम्ही शरण गेलात असं धरलं जातं आणि इंजिन लवकर तयार होतं. हरेपर्यंत झगडलात तर जहाज गरगरत बाहेर फेकलं जातं आणि इंजिनाला थंड व्हायला बराच वेळ लागतो. बाहेर पडल्यावर शक्तीचे चार भाग ढालीला द्या, उरलेले इंजिनाला, बूस्ट मारत दूर जा आणि त्याच ताऱ्यापाशी घुटमळण्याऐवजी सरळ दुसऱ्या ताऱ्याकडे उडी घ्या. मोठ्या जहाजाच्या वस्तुमानाने तुमचं इंजिन अडतं ते जवळच्या प्रवासासाठी. दुसऱ्या मंडलात उडी मारणाऱ्याला ते अडवू शकत नाही. आणि पहिले काही महिने खुशाल एकट्याच्या मोडमध्ये खेळा, त्यात कमीपणा नाही. आकाशगंगा तीच असते, फक्त दुसरे खेळाडू तुमच्यासमोर येत नाहीत.

एकट्याच्या मोडलाही इंटरनेट सतत लागतं. आपल्याकडे लाईट जाणं नवं नाही, तेव्हा राउटरला छोटा यूपीएस लावा. आणि गेम पीसीवर असेल तरच पुढे पैसे घाला. कन्सोलवरचं नवं काम २०२२ मध्येच थांबवण्यात आलंय.

आता मूळ प्रश्न. खेळायचं काय?

माझं प्रामाणिक मत असं की पैसा हे या गेममधलं सर्वांत कंटाळवाणं ध्येय आहे. त्याऐवजी एखादं ठिकाण ठरवा, पोहोचायचंच असं. मग पैसे, जहाज, इंजिन हे सगळं त्या ठिकाणासाठी लागतं आणि त्याला अर्थ येतो. पत्रं आणि पार्सलं पोहोचवायची छोटी कामं करत पहिले ५०-६० हजार जमवा आणि हॉलर हे जहाज घ्या. दिसायला खोक्यासारखं आहे, पण उडी लांब मारतं. पुढे साडेतीन लाखांत कोब्रा मार्क थ्री, त्याने वर्षभर काहीही करता येतं. लढाई आणि खाणकाम यांचं मी फारसं सांगत नाही. दोन्ही चांगली आहेत, पण हात बसल्यावर.

ठिकाण कोणतं? आपल्या सूर्यमालेत जायचं ठरवा, असं मी बऱ्याच जणांना सांगतो. तिथे सरळ जाता येत नाही, परवाना लागतो. फेडरेशन या गेममधल्या सत्तेच्या आरमारात पेटी ऑफिसर या चौथ्या हुद्द्यापर्यंत चढलं की मिळतो. हुद्द्यासाठी फेडरेशनची कामं करावी लागतात आणि त्यात तुमचं उडवणं आपोआप पक्कं होतं. परवाना मिळाल्यावर पृथ्वीपाशी जाऊन परत फिरू नका. व्हॉयेजर १ अजून तिकडे आहे. गेमचं वर्ष आपल्यापेक्षा १२८६ वर्षं पुढे चालतं, त्या हिशेबाने ते यान सूर्यापासून २० लाख प्रकाशसेकंदांहून दूर गेलेलं. तिथवर जायला बराच वेळ लागतो, वाटेत काहीही नाही. मग समोर तो पांढरा अँटेना.

अल्फा सेंटॉरीमधलं हटन ऑर्बिटल हे स्टेशनही असंच, मुख्य ताऱ्यापासून ०.२२ प्रकाशवर्ष दूर. साध्या इंजिनाने सव्वा-दीड तास सरळ रेषेत जात राहायचं. तिथे ॲनाकोंडा फुकट मिळतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. जायचं तर जा, पण त्यासाठी नको.

लांब भटकायची ओढ वाटली तर 'ओडिसी' हा २०२१चा भाग घ्या. त्यात पातळ वातावरणाच्या ग्रहांवर पायी उतरून वनस्पतींचे आणि जिवाणूंचे नमुने घेता येतात. एका जातीचे तीन नमुने, एकमेकांपासून ठरावीक अंतरावरचे. स्ट्रॅटम टेक्टोनिकास ही जात १६५ केल्विनच्या वरच्या, धातू भरपूर असलेल्या ग्रहांवर सापडते, तिचे १ कोटी ९० लाख मिळतात, आणि ती तिथे सर्वांत आधी तुम्हीच नोंदवली असेल तर पाचपट. म्हणजे मित्राची युक्ती न वापरताही पैसा येतो, तोही चालत, सूर्योदय बघत. फक्त एक: जमवलेली माहिती स्टेशनावर विकेपर्यंत तुमची नाही. मधे जहाज फुटलं तर सगळी जाते. महिनाभराचा प्रवास संपवून आलेले लोक स्टेशनच्या दाराशी घाई करतात आणि तिथे गमावतात, म्हणून वर सांगितलेली ती पन्नास उतरणी.

आणि तुमच्यासाठी पहिलं ठिकाण मी सुचवू का? ज्येष्ठा. जून-जुलैत पाऊस उघडलेल्या रात्री दक्षिणेला वृश्चिकाच्या मधोमध जो तांबूस तारा दिसतो तो. लहानपणी गच्चीवर वडिलांनी मला नक्षत्रं दाखवली त्यात हा मला लगेच ओळखता यायचा, विंचवाचं काळीज म्हणायचे ते. गेमच्या नकाशात त्याचं इंग्रजी नाव, अँटारेस, टाकायचं. अंतर सुमारे ५५० प्रकाशवर्षं. हॉलरला स्कूप आणि जरा बरं इंजिन लावलं की पंचवीस-तीस उड्यांत पोहोचाल, आणि एका संध्याकाळी जमेल. कृत्तिकाही आहेत, त्यांतल्या माया या ताऱ्यापाशी जाऊन तिथल्या डार्नियल्स प्रोग्रेस तळावरून मेटा-अलॉय हा माल आणला तर पुढे फेलिसिटी फारसीर ही अभियंता तुमचं इंजिन सुधारून देते. आर्द्रा आहे. पण पहिली ज्येष्ठाच.

शेवटच्या उडीतून बाहेर पडताना थ्रॉटल शून्यावर ठेवा, ही सवय प्रत्येक उडीला लावा. मोजणी संपते, बोगदा फुटतो, आणि गच्चीवरून टाचणीच्या टोकाएवढा दिसणारा तो तारा कॉकपिटची काच कडेपासून कडेपर्यंत लाल करून टाकतो. मी तिथे पहिल्यांदा पोहोचलो तेव्हा पाठ फिरवून सरळ दूर जात राहिलो आणि दर मिनिटाला मागे वळून बघत होतो. किती तरी वेळ तो लहान होत नव्हता. नंतर जहाज तसंच थांबवलं आणि घरातून वडिलांना बोलावून आणलं.

परतीचा मार्ग लावायच्या आधी टाकी भरून घ्या. ज्येष्ठा एम वर्गातलीच आहे, तिथेच भरते.